यादीबाहेरचं क्रीम

९ मार्च
स्थानकावरून

प्रिय मावशी,

इथे अंतराळात येऊन तीन आठवडे झाले आणि तुझ्या तिन्ही पत्रांत एकच प्रश्न आहे: अंघोळीचं काय? तर आता नीट ऐक आणि काकांनाही वाचून दाखव, म्हणजे हा विषय एकदाचा संपेल.

अंघोळ नाही. पाणी खाली पडतच नाही, तर अंघोळ कशाची करणार? पिशवीच्या नळीतून थोडं पाणी दंडावर सोडायचं. ते ओघळत नाही, कातडीला चिकटून थरथरत बसतं. तेच टॉवेलने अंगभर पसरायचं, दोन थेंब साबण लावायचा आणि दुसऱ्या टॉवेलने पुसायचं. केसांचा शाम्पू धुवायचा नसतो, चोळून टिपायचा असतो. दात घासल्यावर फेस गिळतात. मला गिळवत नाही, मी टिपकागदात थुंकते. नखं हवेच्या जाळीपाशी कापायची म्हणजे तुकडे जाळीला जाऊन चिकटतात, नाहीतर जेवताना कुणाच्या तरी डोळ्यासमोरून जातात. मोजे अगदी हळू काढायचे. चालणंच नसल्यामुळे तळव्यांची जाड कातडी सुटते आणि मोज्याबरोबर बाहेर येऊन तरंगायला लागते. संडासाबद्दल पुढच्या खेपेला. ते पत्र काका जेवत नसताना वाच.

ओल्या टॉवेलमधलं पाणी वाळून हवेत जातं. यंत्र ते गोळा करतं. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळंच गोळा करतं, गाळतं आणि आम्ही ते पितो. आम्हा चौघांत यंत्रांचं काम ज्याच्याकडे आहे तो स्वतःला फिटर म्हणवतो (पदव्या सांगायला लागला तर दम लागेल). परवा पाण्याची पिशवी उंच धरून म्हणाला, "आजपासून आपण चौघं घामाचे नातेवाईक." कॅप्टनबाईसुद्धा हसल्या.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या दिवशी 'त्वचेसाठी, मंजूर' असा शिक्का असलेला पाऊच फोडला आणि वास आला तो आपल्या कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या क्रीमचा! शाळेपासून तू माझ्या डोक्याला चोळत आलीस ते. मावशी, तू ना, कमाल आहेस! सरावाच्या महिन्यात खाजवून खाजवून डोक्यातून रक्त आलं होतं, ते मी फक्त तुला दाखवलं होतं. आता डोकं एकदम शांत आहे. कुणाला कळलेलं नाही.

तुझी,
भिंगरी

———

१४ मार्च
घरून

भिंगरे,

पत्र मोठ्याने वाचलं. तळव्यांच्या कातडीपाशी आल्यावर तुझ्या काकांनी ताट सरकवून ठेवलं आणि म्हणाले, "सहा महिने अंघोळ नाही हे ऐकून मलाच खाज सुटली." आणि खरंच दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ केली.

ओळखलंस ना वास? मला वाटलंच होतं. सांगणार नव्हते, पण आता सांगते. तुमच्या सामानाची प्रत्येक वस्तू यादीत हवी, प्रयोगशाळेने मंजूर केलेली हवी, वजन केलेली हवी. भरणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मग माझा शिक्का. पाऊच सील करायचं यंत्र माझ्याच टेबलावर आहे. जेवणाच्या सुट्टीत दोन पाऊच रिकामे केले, आपलं क्रीम भरलं आणि काट्यावर ठेवले. चाळीस ग्रॅमला चाळीस ग्रॅम. सव्वीस वर्षं मी सामान भरतेय, एकाचा मोजासुद्धा दुसऱ्याच्या पिशवीत गेला नाही. एवढं मी तुझ्यासाठी करू शकते.

त्यांचं ते मंजूर क्रीम मी हातावर लावून पाहिलं होतं. नुसती आग होते. डॉक्टरांना दाखवलं असतंस तर तुला खालीच ठेवलं असतं. आईवेगळी पोर बारा वर्षांची होती तेव्हापासून मी वाढवली, ती काय डोक्यातल्या खाजेपायी घरी बसवायला?

वापर बिनधास्त. आणि त्या फिटरला म्हणावं, नातं जोडायचंच असेल तर आधी घरी येऊन जेवून जा.

मावशी

———

२ एप्रिल
स्थानकावरून

प्रिय मावशी,

उशीर झाला. इथे जरा गडबड चालू आहे.

गाळलेल्या पाण्यात नको ते किती उरलंय याचा एक आकडा यंत्र दाखवतं. तो नेहमी दोनशेच्या आत असतो. गेले दोन आठवडे तो चढतोय, आज सतराशे आहे. तीन हजारांवर गेला तर ते पाणी प्यायचं नाही, साठ्यातलं काढायचं. आणि साठा संपत आला तर सगळ्यांनी मोहीम अर्धवट सोडून खाली यायचं. म्हणून आतापासूनच काटकसर आहे. अंग पुसायला ओला टॉवेल दिवसाआड मिळतो. व्यायामाचा घाम पाठीवर चादरीसारखा साचतो, तो आपला कोरडाच टिपायचा. आम्हा सगळ्यांना एकमेकांचा वास येतो आणि सगळेच सभ्यपणे गप्प असतात.

खालचे लोक फिटरवर घसरलेत. पहिल्या आठवड्यात यंत्रातली गाळणी त्याने बदलली होती. त्याचा एखादा जोड नीट बसला नसणार, असं त्यांचं म्हणणं. तो सकाळी सगळ्यांच्या आधी उठतो आणि टॉर्च घेऊन यंत्रात डोकं घालून बसतो.

एक काम कर. घरी ती क्रीमची बरणी असेल, तिच्या मागच्या चिठ्ठीवर काय काय लिहिलंय ते मला कळव. सहज विचारतेय.

भिंगरी

———

७ एप्रिल
घरून

भिंगरे,

बरणी संपत आलीय आणि मागची चिठ्ठी केव्हाच पुसली गेली. तेलकट हातांनी किती टिकणार? काही वाचता येत नाही.

इकडेही कामावर हुकूम आलाय, तुमच्या चौघांच्या सामानाच्या याद्या पुन्हा तपासा म्हणून. मीच तपासल्या. सगळं बरोबर आहे. मोठे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बघितलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही."

पाण्याचं यंत्र म्हटलं की जोडच ढिला होणार. आपल्या मोरीतला नळ आठव, तीनदा प्लंबर आला तरी गळायचा. तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस.

आणि हवा कोरडी असेल तर क्रीम थोडे दिवस बंद करून बघ. सारखं लावलं की कातडीला सवय होते, असं कुठेतरी वाचलं.

काकांना सर्दी झालीय. दोनदा अंघोळीचं फळ.

मावशी

———

२१ एप्रिल
स्थानकावरून

मावशी,

तुझं पत्र आठ तारखेला मिळालं आणि त्याच दिवसापासून मी क्रीम बंद केलं. तू बंद कर म्हणालीस तेव्हाच मला कळलं की चिठ्ठी पुसलेली नाही.

आता काय झालंय ते सांगते. डोक्याला चोळलेलं क्रीम डोक्यावरच राहतं असं आपल्याला वाटतं. त्यातलं काहीतरी उडून हवेत जातं, तिथून वाफेबरोबर पाण्यात, आणि गाळणीला ते धरून ठेवता येत नाही. प्रयोगशाळेची यादी त्याचसाठी असते. हे मला सरावात शिकवलं होतं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तरी तिसऱ्या दिवशी वास आल्यावर मला फक्त तू आठवलीस.

सोळा तारखेला फिटरने सगळे जोड उघडून नव्याने बसवले. आणि कालपासून आकडा उतरायला लागला. मी बंद केलं म्हणून तो उतरतोय, पण खालच्यांनी हिशोब असा लावला की जोड नव्याने बसवले, आकडा उतरला, म्हणजे आधीचे चुकलेच होते. कॅप्टनबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "असेल. माझंच चुकलं असेल." मावशी, तो हे मनापासून म्हणाला.

बारा मेला सूट घालून स्थानकाबाहेर जायचं काम आहे, सहा तासांचं. तीन वर्षं तो त्याचीच तयारी करत होता. आता ते त्याच्याकडून काढून घेतलंय. हातांवर भरवसा नाही म्हणून.

आणि ते मला दिलंय.

मी "हो" म्हणाले.  संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि बाहेरच्या कामाच्या त्याच्या सगळ्या टिपा मला देऊन गेला. कुठला दांडा धरायचा, कुठे हातमोजा अडकतो, सगळं लिहिलेलं.

अर्धा पाऊच अजून माझ्या पिशवीत आहे. टाकून द्यावा तरी कुठे? इथे कचऱ्याचीही नोंद होते.

मी काय करू?

———

२६ एप्रिल
घरून

भिंगरे,

काही करू नकोस.

तुला माहीत नव्हतं. पाऊचवर मंजूर असा शिक्का होता, तू विश्वासाने लावलंस, एवढंच. कुणीही विचारलं तरी एवढंच सांगायचं, वर एक शब्द नाही.

उद्या सकाळी मी मोठ्या साहेबांकडे जाऊन लेखी देणार आहे. खासगी पत्रांचा पुढचा गठ्ठा संगणकावरून बुधवारी वर जाईल, म्हणजे हे तुला मिळेल तेव्हा सगळं झालेलं असेल. चिठ्ठीबद्दल मी खोटं बोलले. बरणी समोर घेऊनच लिहीत होते.

बारा तारखेला तू बाहेर जा. त्या माणसाचं नाव मी साफ करते, तुझं मळवायची गरज नाही.

मावशी

———

२७ एप्रिल
स्थानकावरून

प्रिय मावशी,

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. वाट पाहिली असती तर तू मला अडवलं असतंस.

आज नाश्त्यानंतर कॅप्टनबाईंकडे गेले आणि पाऊच त्यांच्या हातात दिला. सांगितलं की हे क्रीम मीच मागितलं होतं. मावशी नको म्हणत होती, मी रडले, हट्ट केला, आणि नाही भरलंस तर पुन्हा घरी येणार नाही असं म्हणाले. म्हणून तिने भरलं.

आता तू रागावशील. पण सव्वीस वर्षांनंतर तुझ्याकडे कुणी बोट दाखवलेलं मला बघवणार नाही. भाचीने गळ्यात पडून करायला लावलं म्हटलं की लोक मावशीला माफ करतात. तू फक्त हो ला हो म्हण.

कॅप्टनबाईंनी सगळं लिहून घेतलं, सही घेतली आणि खाली पाठवलं. मला म्हणाल्या, "फिटरशी आत्ता बोलू नकोस. आधी खालून काय येतंय ते बघू." त्यामुळे त्याला अजून काही माहीत नाही. मघाशी जेवताना त्याने मला विचारलं, टिपा वाचल्यास का? मी वाचल्या म्हणाले.

भिंगरी

———

४ मे
घरून

भिंगरे,

तुझं पत्र माझ्या हाती पडलं ते साहेबांच्या खोलीतून घरी आल्यावर. आधी पडलं असतं तर मी हो ला हो म्हणाले असते का? कोण जाणे. म्हणाले असते बहुधा.

बोलावणं आलं तेव्हा वाटलं, माझ्या कागदावर शेवटची सही घ्यायची असेल. साहेबांनी बसायला सांगितलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझा, एक तुझा.

म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिता की तुम्ही भरलंत आणि तिला काहीच माहीत नव्हतं. ती लिहिते की तिने रडून ओरडून तुम्हाला भरायला लावलं. दोन्ही एकदम खरं कसं असेल?"

"नसेल," मी म्हटलं.

"मग खरं कुठलं?"

मी तुझा कागद दोनदा वाचला. तू कधी रडून काही मागितल्याचं मला आठवत नाही. पडून गुडघा फुटला तरी तू रडायची नाहीस. मला तिथे हसू आलं, साहेबांच्या समोर. आणि मग माझं मलाच कसंसं झालं.

साहेब सभ्य माणूस आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, "माझी अडचण समजून घ्या. एकाच घरच्या दोघी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. समिती म्हणेल, मुलीचा मित्र असेल, त्याला वाचवायला दोघींनी क्रीमची गोष्ट रचली. तोपर्यंत दोष त्या माणसाच्याच नावावर राहणार. त्याच्या हातांवर भरवसा नाही असं मीच सही करून वर कळवलंय. ते शब्द मागे घ्यायचे तर मला एक गोष्ट हवी, एकच, आणि तारखांसकट."

भिंगरे, मी त्यांना तारखा दिल्या.

मी कुणाला न विचारता भरलं. तिसऱ्या दिवशी तुला वासावरून कळलं. दोन एप्रिलला तू चिठ्ठीबद्दल विचारलंस, म्हणजे तुला शंका आली होती. सात एप्रिलला मी तुला खोटं कळवलं. आठला तू लावणं बंद केलंस, म्हणजे तुझी खात्री झाली होती. आणि सत्तावीसपर्यंत तू बोलली नाहीस. ते एकोणीस दिवस मी माझ्या तोंडाने मोजून सांगितले. साहेबांनी विचारलं, "हे लिहून द्याल?" दिलं. बरणी पर्समध्ये होती, चिठ्ठी शाबूत, तीही दिली. प्रयोगशाळेने संध्याकाळपर्यंत सांगितलं की आकडा चढवणारं तेच आहे.

माझा शिक्का मी टेबलावर ठेवून आले. ठेवा म्हणायची वेळ त्यांच्यावर आणली नाही. सामान भरायच्या खोलीतल्या बायका सगळ्या एकदम मोजे मोजायला लागल्या.

साहेब दारापर्यंत आले. म्हणाले, तिला पुन्हा वर पाठवतील असं वाटत नाही. मी विचारलं, माझा पहिला कागद खरा धरला असता तर? ते म्हणाले, "पाठवलं असतं कदाचित."

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. तुझे काका म्हणतात, आता चार दिवस तिला काही लिहू नकोस. चार दिवस लिहिणार नाही.

मावशी

———

१५ मे
स्थानकावरून

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. मी रागावलेली नाही, असं आधी लिहिलं होतं आणि पुसलं. मी फार रागावले होते. तू मला वाचवायला निघाली होतीस आणि शेवटी तूच मला त्यांच्या हाती दिलंस, असं तीन दिवस मनात चालू होतं. मला पुन्हा कधीच इथे येता येणार नाही हे कॅप्टनबाईंनी सांगितलं तेव्हा मी खिडकीशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण तुझ्याशी न बोलण्याइतका तो मोठा नाही.

खालच्यांनी फिटरला सगळं कळवून त्याच्यावरचा ठपका मागे घेतला आणि बारा तारखेला बाहेर तोच गेला. मी आत पडद्यासमोर होते आणि त्याच्याच टिपा त्याला कानात वाचून दाखवत होते. सहा तास दहा मिनिटं. एकदाही चुकला नाही. 

काल मी त्याच्याकडे गेले. माफी मागायला चार वाक्यं जुळवून नेली होती. दुसऱ्या वाक्यावर त्याने हात वर केला.

म्हणाला, "क्रीमचं जाऊ दे. माझी आई असती तर तिनेही भरलं असतं. तुला एक सांगू? रोज सकाळी मी तो एकच जोड उघडायचो. नीट असायचा. तरी पुन्हा उघडायचो. मग वाटायला लागलं, मला दिसत नाहीये, माझे डोळे गेले. मग वाटलं, हात गेले. दाढी करताना ब्लेड धरायची भीती वाटायची. एवढे दिवस. आणि तू समोर बसून जेवत होतीस."

मी म्हटलं, "हो."

"मला वाटायचं, हिला माझी कीव येतेय म्हणून गप्प आहे."

एवढं म्हणून तो  गेला.

आज यंत्रातली गाळणी पुन्हा बदलायची होती. जुनी आपल्या क्रीमने निकामी झालीय, राखून ठेवलेली शेवटची बसवायची होती. कॅप्टनबाईंनी विचारलं, मदतीला कोण हवंय? तो म्हणाला, "तिला द्या." मी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. वाटलं, टॉर्च धरायला लावेल. त्याने पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः टॉर्च धरली.

चोवीस बोल्ट होते. मी एकेक कसत गेले. माझा झाला की तो टॉर्च तोंडात धरायचा, दुसरा पाना लावायचा, मी कसलेला बोल्ट पुन्हा तपासायचा आणि मग पुढचा दाखवायचा. एकही सोडला नाही. दोन तास लागले. एकट्याने केलं असतं तर त्याला पाऊण तास पुरला असता. मी घाई करा म्हणाले नाही.

भिंगरी